पिक्चरमधला जोती

शिदबाअण्णा कुणाला लांबून हाक मारायचे नाहीत, आणि पाठीमागून आलेल्या हाकेला कधी ओ द्यायचे नाहीत. उचगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडं माणूस आपल्या उंबऱ्यात उभा राहून चौथ्या घरातल्या माणसाशी भांडतो, सोयरीक जुळवतो, म्हशीची चौकशी करतो. अशा गावात हा एकच माणूस असा, की दोन शब्द बोलायचे असले तरी गल्लीभर चालत तुमच्यापर्यंत येणार, समोर उभा राहणार आणि आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू म्हणणार, "जरा काम हुतं."

आवाज बारीक, पण अंगानं माणूस चांगला उंचेला. पासष्टी ओलांडली तरी मान ताठ. बायको वारलेली, मुलगा पुण्याकडं नोकरीला. दोन खोल्यांत एकटे राहायचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्टोव्ह, कोपऱ्यात एक पत्र्याची ट्रंक. मूळचे आजऱ्याकडच्या वाडीचे. तरुणपणी कोल्हापुरात येऊन एका स्टुडिओत लागले आणि पिक्चरसाठी आवाज काढण्यातच त्यांचा जन्म गेला. पडद्यावर घोडा धावला की टापा यांच्या करवंट्यांच्या. पाऊस पडला की यांच्या सुपातले हरभरे. स्टुडिओची पडझड झाल्यावर ते घरी बसले, पण कान काही घरी बसले नाहीत. रस्त्यानं जाताना थांबून एखाद्या दारावर टिचकी मारायचे आणि आतल्या बाईला सांगायचे, "वाळवी लागलीया. आवाज पोकळ येतोय." पुढच्या पावसाळ्यात त्या दाराची चौकट हातात यायची.

हाकेचं कारण गावानं आपल्या परीनं ठरवलं होतं. म्हातारा तरुणपणी रानात चकव्याला सापडला, मागून नावानं हाक आली, यानं ओ दिली, तेव्हापासून हे असं, असं बायका सांगायच्या. हे कानावर आलं की अण्णा चिडायचे. "आम्ही बौद्ध हाय. भूतखेत मानत न्हाय," म्हणायचे. मग जरा थांबून, "भूत असतं तर बरं झालं असतं की. भुताला उतारा तरी असतोय."

मी त्यांना असंच एकदा जवळजवळ मारलं होतं. नव्वद सालानंतर गावोगाव केबल आली, तेव्हा मी नोकरीचा नाद सोडून छपरावर डिश बसवली आणि आमच्या भागात जोडण्या द्यायला लागलो. एकदा सकाळी खांबाला शिडी लावून वायर ओढत होतो. खाली अण्णा रस्त्याच्या मध्यात उभे, आणि मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर रिव्हर्स येत येत अगदी त्यांच्यावर आलेला. मी वरून ओरडलो, "शिदबाअण्णा! शिदबाअण्णा, सराऽ!"

ते सरले नाहीत. वळूनही बघितलं नाही. दोन्ही हात डोक्याशी गेले आणि तसेच खांबासारखे उभे राहिले. शेवटी समोरच्या दारातली बाई धावली, तिनं त्यांना दंडाला धरून ओढलं. शिडी उतरून मी खाली आलो तर ते घामानं भिजलेले. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "विलास, पुन्यांदा नाव घिऊन वरडू नगंस. ए म्हाताऱ्या म्हण, श्या दे. नाव घेऊ नगंस."

मला राग आला होता. जीव वाचवायला गेलो तर वर हे ऐकवतात.

त्यानंतर दीडेक वर्षानं ती दुपार आली. डिशवरच्या वाहिन्यांखेरीज माझा स्वतःचा एक चॅनेल होता. म्हणजे काय, तर मागच्या खोलीत एक व्हीसीआर. दुपारी दोन वाजता पिक्चर लावायचा. त्या दिवशी मारामारीचा एक इंग्रजी पिक्चर लावला होता. उन्हाचे दिवस, सगळ्यांची दारं उघडी, घराघरांत एकच पिक्चर चालू. मी बाहेरच्या सोप्यात जेवत होतो. तेवढ्यात पिक्चरमधला कुणीतरी उंच इमारतीवरून खाली पडला, आणि त्याची किंकाळी गल्लीतल्या चाळीसेक घरांतून एकदम बाहेर आली.

दोन मिनिटांत अण्णा माझ्या दारात. अनवाणी. डांबर तापलेलं, त्यावरून तसेच आलेले.

"बंद कर," म्हणाले.

"काय झालं अण्णा?"

"आधी बंद कर ते."

मी बंद केला. लगेच बाहेरून शिव्या सुरू झाल्या, कुणीतरी पत्र्यावर दगड टाकला. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, तांब्या नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "त्यो जोती हुता."

"कोण जोती?"

"आत्ता पडला न्हाय का, त्यो."

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण त्यांनी जे सांगितलं ते इतकं सरळ आणि बारीकसारीक होतं, की मध्येच मी उठून दार लावून घेतलं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेची एक कंपनी आजऱ्याच्या पश्चिमेच्या रानात पिक्चर काढायला आली होती. पिक्चर आफ्रिकेचा. गोरा शिकारी, गोरी बाई, हरवलेला बाप, रानातलं सोनं, असलं काहीतरी. तंबू पडले, मोटारी आल्या, झाडांना बाहेरून आणलेल्या कागदी वेली बांधल्या. "एवढं रान असून वेली कागदाच्या," अण्णा म्हणाले. "म्हणं आमच्या वेली आफ्रिकेवाणी दिसत न्हायती." सामान वाहणारे हबशी म्हणून वाड्यावस्त्यांवरची पोरं घेतली. रोज सकाळी तेलात काजळी कालवून अंगाला फासायची, कंबरेला गवत बांधायचं आणि डोक्यावर खोकी घेऊन रांगेत चालायचं. त्यात शिदबा होता, बाविशीचा, आणि त्याच्याच वस्तीतला त्याचा जोडीदार जोती. दोघांनी गुरं एकत्र राखलेली.

सिंह सर्कशीतून आणला होता. म्हातारा, दात पडलेला. दिवसभर जांभया द्यायचा, ओरडायचा नाही. आवाजाचं मशीन सांभाळणारा गोरा साहेब वैतागला. त्याच्या कानावर कायम दोन वाट्या असायच्या, म्हणून पोरं त्याला कानवाला म्हणायची. जोतीनं शिदबाला पुढं ढकललं आणि खुणेनं सांगितलं, हा ओरडतो. शिदबा रानडुकरं हाकलायला मडक्यात तोंड घालून डरकाळी फोडायचा. त्यानं मडकं मागवलं आणि फोडली. कानवाल्यानं वाट्या काढून फेकल्या आणि त्याला मिठी मारली. साहेबाच्या सदऱ्याला सगळी काजळी लागली. त्या दिवसापासून शिदबा त्याचा माणूस झाला. मशीनला वायरनं जोडलेला एक जड खोका असायचा, तो शिदबाच्या डोक्यावर. साहेबानं हातवारे करून बजावलं होतं, काहीही होवो, हा खोका पडता कामा नये. शिदबाला इंग्रजीतला एवढाच एक शब्द यायचा, बॉक्स.

एका दिवशी कड्याच्या अंगच्या अरुंद वाटेनं रांग न्यायची होती. पुढं एक हमाल दरीत पडतो असं दाखवायचं होतं. त्यासाठी गवताचा माणूस तयार होता. मुख्य काम सुरू व्हायच्या आधी नुसतं चालून बघायला सांगितलं. कानवाल्याचं मशीन चालू होतं. आणि जोतीचा पाय निसटला.

"मी म्होरं हुतो," अण्णा म्हणाले. "वळणाच्या पल्याड. माझ्या कानावर नुसता आवाज आला."

दोन दिवस काम थांबलं. जोतीला वाडीत आणून पुरलं. कंपनीची माणसं येऊन टोप्या काढून उभी राहिली. मग काम संपलं, तंबू उठले.

पुढं वर्षभरानं तो पिक्चर कोल्हापूरच्या एका थेटरात लागला. शिदबा एकटाच बघायला गेला. आपण दिसू, जोती पाठमोरा का होईना दिसेल, म्हणून. पडद्यावर हबशांची रांग आली आणि त्यांच्या बोलण्यात चक्क मराठी शब्द ऐकू आले. थेटर खदाखदा हसलं, शिट्ट्या पडल्या. आफ्रिकेतला हबशी आजऱ्याची बोली बोलतोय! मग कडा आला. गवताचा माणूस दरीत पडला, आणि त्याच्यावर जोतीची किंकाळी. खरी, त्या दिवसाची. लोक अजून हसतच होते.

"ततं संपलं असतं तर मी इसरलो असतो," अण्णा म्हणाले. "पण त्येंनी ती किंकाळी ठिवून दिली. कपाटात ठेवावी तशी."

स्टुडिओत नोकरी लागल्यावर हे त्यांना कळलं. असे आवाज साठवलेले असतात, लागतील तिथं पुन्हा वापरतात. एकदा एका मराठी पिक्चरसाठी विहिरीत पडणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा ओरडा हवा होता. दिग्दर्शकानं मुंबईहून आवाजांची परदेशी तबकडी आणवली. सुई ठेवली. जोती ओरडला. अण्णांनी ती तबकडी मशीनवरून काढून गुडघ्यावर मोडली आणि चार महिने घरी बसले. पण एक तबकडी मोडून काय होणार? पुढं ते इंग्रजी पिक्चर बघायलाच लागले, शोधायला म्हणून. दर दोन-तीन वर्षांनी कुठंतरी जोती सापडायचा. घोड्यावरून पडायचा. जहाजावरून दर्यात पडायचा. लढाईत बॉम्ब लागून पडायचा.

"चाळीस वर्सं झाली, पोरगं पडतंयच," अण्णा म्हणाले आणि तांब्यातलं पाणी एका दमात प्यायले. "आज म्हणं इमारतीवरनं."

मी त्या दुपारचा पिक्चर पुन्हा लावला नाही. त्यानंतर दुसरा कुठलाही इंग्रजी पिक्चर लावायच्या आधी मी तो सकाळी एकटा बसून पुढं पळवत बघायला लागलो. माझ्या बायकोला वाटायचं मला भलताच नाद लागलाय. खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती बसली होती. मी किंकाळ्या ओळखायला शिकलो होतो. एकदा सापडलीसुद्धा, बर्फाच्या डोंगरावरून पडणाऱ्या माणसाच्या तोंडी. भरदिवसा, बाहेर पोरांचं क्रिकेट चाललेलं, आणि मी झडप घालून आवाज बंद केला. ती कॅसेट मी तशीच परत केली.

अण्णांची आणखी एक रीत होती. दरसाल नवं भात निघालं की आजऱ्याहून घनसाळ तांदळाची एक पिशवी मागवायचे आणि हुपरीला पाठवायचे. हौसाक्काकडं. हौसाक्का म्हणजे जोतीची धाकटी बहीण. जोती गेला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. हुपरीला दिलेली. घरीच बसून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करायची. अण्णा पिशवी पाठवायचे, पण स्वतः कधी जायचे नाहीत. कुणी जाणारा-येणारा बघायचे. एका साली मी म्हणालो, मला हुपरीला काम आहे, मी नेतो.

त्याच्या आठ दिवस आधी एक गोष्ट घडली होती. जुने इंग्रजी पिक्चर दाखवणारी एक वाहिनी नव्यानं आली होती. दुपारी सहज लावली, तर पडद्यावर जांभई देणारा म्हातारा सिंह. मागं झाडांना वेली, आणि त्या कागदाच्या आहेत हे आता मला कळत होतं. मी कोरी कॅसेट घालून उरलेला पिक्चर भरून घेतला. रांग आली, कडा आला. सगळं अण्णांनी सांगितलं तसं. मी अण्णांना काही बोललो नाही. कॅसेट एकटा असताना लावून बघायचो आणि पुन्हा कपाटात मागं सारून ठेवायचो.

हौसाक्कानं पिशवी घेतली, चहा टाकला. बारीक चणीची, हाताची बोटं चांदीच्या कामानं काळवंडलेली बाई. घरात आणखी तिघी बसून घुंगरं जोडत होत्या.

"अण्णा सोता कदी येत न्हाय, पावणं," ती म्हणाली. "माज्या लग्नात आलता, त्यो शेवटचा. मी म्हंते, एवडा तांदूळ धाडतोस, त्यापरास येऊन बस. जोतीचं चार शब्द सांग. घरात फोटू न्हाय त्येचा. आई म्हणायची आवाज लई ग्वाड हुता. मला तर कायबी आठवत न्हाय. आवाज आठवायला बगती, तर ह्या सगळ्यांचंच आवाज येत्यात."

मी गप्प बसायला हवं होतं. पण ती इतकं साधं बोलली, की माझ्या तोंडून निघून गेलं. "आवाज हाय आक्का. माझ्याकडं हाय."

तिघींचे हात थांबले. हौसाक्कानं मला सगळं विचारून घेतलं, एकदाही मध्ये न रडता. मग म्हणाली, "सोमवारी येती."

मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते माझ्या अंगावर धावून येतील असं वाटलं होतं. ते नुसते कॉटवर बसले. "तिनं ऐकायचं न्हाय," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "ती ऐकल्याबिगर ऱ्हाणार न्हाय." आणि शेवटी, "मी बसतो तिच्यासंगं."

सोमवारी अकराच्या सुमारास ती आली. धुवट लुगडं, डोक्यावर पदर. मागच्या खोलीत सतरंजी टाकली होती. अण्णा आधीच भिंतीकडं बसलेले. ती म्हणाली, "कसा हाईस?" ते म्हणाले, "हाय." मी कॅसेट लावली.

रांग आली. दहा-बारा काळे हमाल, पाठमोरे, डोक्यावर खोकी.

"ह्यातला कुठला?"

अण्णांनी बोट दाखवलं. "शेवटनं तिसरा. त्येच्या म्होरं मी."

जोतीचा चेहरा साऱ्या पिक्चरमध्ये कुठंच नव्हता. पाठ, मानेवर जटांचा टोप, आणि उघड्या टाचा. हौसाक्का पडद्याच्या अगदी जवळ सरकली. तेवढ्यात तो आवाज आला, पहिला, साधा. रांगेत चालता चालता, कुरकुरीच्या सुरात: "शिदबा, जेवायला कवा सोडत्यात रं?"

खणखणीत, तरणाताठा, जरासा हसरा. कोल्हापूरचं थेटर ह्यालाच हसलं होतं. हौसाक्कानं तोंडावर पदर धरला. "आईचा आवाज हाय," म्हणाली. "आईवाणीच वडून बोलतोय."

"ह्येच्यावर मी उत्तर दिलतं," अण्णा म्हणाले. "पण ततं त्येंनी बाजा घातलाय. ऐकू येत न्हाय."

मग कडा. वाट अरुंद झाली. कॅमेरा लांब गेला. आवाज आला, "शिदबाऽ! हात दे! शिदबाऽ, हात दे रं!"

आणि मग काहीच नाही. पडद्यावर गोऱ्या बाईचा चेहरा, डोळे विस्फारलेले, ओठ उघडे. चेहरा तसाच राहिला. मागं रातकिड्यांचा आवाज, तोही खरा असावा. पाच-सहा श्वास घेऊन सोडावेत इतका वेळ. मग किंकाळी, आणि गवताचा माणूस दगडांवर आपटत खाली गेला.

मी बंद केलं. खोलीत पंखा कुरकुरत होता.

"परत लाव," हौसाक्का म्हणाली.

मी परत लावलं. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग अण्णांकडं न बघता तिनं विचारलं, "हात दे म्हणाला, आन मग वरडला. मधी एवडा येळ गप का हाय?"

मी हे आधी दहा वेळा बघितलं होतं. मला वाटलं होतं, ती बाई सुंदर दिसते म्हणून तिचा चेहरा लांबवलाय.

आता ती त्यांच्याकडं वळली.

"अण्णा, तू वळणाच्या पल्याड हुतास न्हवं? मग त्यो तुला हात कसा मागतोय?"

"मी म्होरंच हुतो," अण्णा म्हणाले. आवाज इतका खाली गेला की आम्ही दोघं पुढं वाकलो. "चार पावलांवर. मूळ धरून लोंबत हुता. मी मान वळीवली. डोस्क्यावर बॉक्स, दोन्ही हातांनी धरल्याला. म्होरनं सायब वरडाय लागला, बॉक्स, बॉक्स. त्येचं वरडणं कापलंय त्येंनी, पिक्चरमधी ठिवलं न्हाय. मी बॉक्स खाली ठिवला, हौसा. टाकला न्हाय. वाकून ठिवला. त्येचा कोपरा दगडाला लागंल म्हणून आदी पायानं दगूड बाजूला केला. मग ठिवला. मग हात म्होरं केला." त्यांनी हात पुढं करून दाखवला. "तवर ततं कोन न्हवतं."

ती पडद्याकडं बघत होती. पडदा रिकामा होता, नुसता निळा.

"आईला का न्हाय सांगितलंस?"

"कसं सांगू?"

"तोंडानं," ती म्हणाली. चप्पल घालायला दारात गेली, तिथून मला म्हणाली, "पावणं, जेवणाचं इचारतोय तेवडंच मला टेपात भरून द्या. बाकी काय नगं." आणि अण्णांना, "तांदूळ धाडू नगंस."

मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेलो. गाडीत चढताना तिचा हात दांडीवर होता आणि ती क्षणभर तशीच थांबली, कंडक्टर ओरडेपर्यंत.

तेवढंच वाक्य मी टेपवर पुन्हा पुन्हा भरलं. एक बाजू पूर्ण होईपर्यंत तेच. मध्ये थोडी कोरी जागा सोडायचो, मग परत. असं भरत बसल्यावर तासाभरानं मला त्या आवाजाची सवय झाली, आणि सवय झाली हेच मला बरं वाटेना. कॅसेट मी कुणाच्या तरी हाती हुपरीला पाठवून दिली.

पुढच्या साली तांदूळ आला. अण्णांनी तो पाठवला नाही. पिशवी खांद्यावर टाकली आणि स्वतः गेले. ती दारातून हाकलेल असं त्यांना वाटलं होतं. परत आले ते तिसऱ्या दिवशी. मी विचारलं, काय म्हणाली आक्का? "बस म्हणाली," ते म्हणाले. "बसलो."

मग ते महिन्याला जायला लागले, मग आठवड्याला. एक दिवस उचगावच्या खोल्या रिकाम्या करून, ट्रंक आणि तसबीर घेऊन ते हुपरीलाच गेले. हौसाक्काच्या घरामागं परड्यात एक पत्र्याची खोली होती, तिथं. तिनं माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. हे मला त्या घरातल्या बायकांकडून कळलं.

माझा धंदा दोन हजार सालानंतर मोठ्या कंपन्यांनी गिळला. मी मोबाइलच्या दुकानात बसायला लागलो. अण्णांची आणि माझी गाठ पाच-सहा वर्षं पडली नाही. मग एका उन्हाळ्यात मुलीसाठी पैंजण आणायला हुपरीला गेलो, आणि आधी हौसाक्काच्या घरी डोकावलो.

दुपारचे तीन वाजले असतील. भारनियमनाचे दिवस. लाइट सकाळपासून गेलेली, सगळ्या गावातली मशीनं बंद, असलं गाव फार गप्प वाटतं. सोप्यात उजेडाकडं तोंड करून हौसाक्का आणि तिघी-चौघी घुंगरं जोडत होत्या. फळीवर टेपरेकॉर्डर होता. बटण दाबलेलं, कॅसेट आत दिसत होती, पण लाइटच नाही, तर ती फिरणार कशी? अण्णा भिंतीला टेकून बसले होते. खूप खंगलेले, ऐंशीच्या घरात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला ओळखलं असं वाटलं नाही.

मी उंबऱ्यात उभा. कुणी मला बस म्हणालं नाही. सगळ्यांचे हात थांबलेले होते आणि त्या कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या.

अण्णा फळीकडं तोंड करून हसले आणि म्हणाले, "सोडतील आता. दम धर की."

बायकांचे हात पुन्हा चालू झाले. बारीक किणकिण सुरू झाली. मी फळीवरच्या टेपकडं बघितलं. चाक हलत नव्हतं. थोडा वेळ गेला, मी जेवढी कोरी जागा सोडत असे तेवढाच. हात थांबले. घरात एकदम शांत झालं. हौसाक्कानं मान जराशी वाकडी केली, आणि खाली बघून गालात हसली.

"सोडतील की," अण्णा म्हणाले. "आता सोडतील, लेका."

मी पैंजण न घेताच एसटीत बसलो.